देवरहाटीतले चोवीस फलक : छापील पत्र्यावर लॅकर मारतानाच्या नोंदी

या माझ्या कामाच्या वहीतल्या नोंदी आहेत. नंतर काही कळलं तिथे कंसात भर घातली आहे. ज्यांना पत्र्यावरची छपाई उन्हापावसात टिकवायची आहे त्यांचे दिवस आणि पैसे वाचावेत म्हणून चुकाही तशाच ठेवल्यात.

१२ ऑगस्ट २०२४

गुहागर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावच्या देवरहाटीत, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानात, झाडांच्या नावांचे फलक लावायचं ठरलं. बारा जातींची झाडं, प्रत्येकाचे दोन, म्हणजे चोवीस फलक. चाकरमान्यांनी अठरा हजार जमवून दिलेत. चिपळूणला माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान, त्यामुळे छपाई माझ्या अंगावर.

आधीचा एक फलक सोडवून आणलाय. साधा लोखंडी पत्रा, वर व्हिनाइल स्टिकर. लाल रंग पार उडालाय, काळा जसाच्या तसा. स्टिकर मधोमध अजून घट्ट आहे. सुटलाय तो खालच्या कडेने आणि स्क्रूच्या भोकांभोवती, आणि गंजही तिथूनच आत सरकलाय.

(नंतरची भर : त्या जुन्या फलकाने सगळं सांगितलं होतं. मी फक्त रंगाकडे बघितलं, कडेकडे नाही. त्यापायी डिसेंबर खर्ची पडला.)

आता अ‍ॅल्युमिनियम घेतोय. ८ बाय ४ फुटांचा १.२ मिमीचा एक पत्रा, वजन साडेनऊ किलोच्या आसपास, ३,१५० रुपये. कापणीचे २५०. १२ बाय ९ इंचांचे चाळीस तुकडे निघाले आणि तीन इंच रुंदीची एक लांब पट्टी उरली. भंगारवाला मागत होता, दिली नाही. तिचे चार-चार इंचांचे तुकडे करून चाचणीला ठेवलेत. पुढे या तुकड्यांइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

१९ ऑगस्ट

भोकं पाडली, कडांवरून कानस फिरवली आणि चाळीसही तुकडे पांढऱ्या पावडर कोटिंगला (रंगाची कोरडी पूड फवारून भट्टीत भाजतात ते) दिले. दोन्ही बाजू मिळून ६० चौरस फूट, १,८०० रुपये. तिथे जाऊन एकच गोष्ट पक्की करून घ्यायची : पावडर पॉलिएस्टरची हवी. एपॉक्सीची पावडर उन्हात पिठाळते, बोट फिरवलं की खडूसारखं पांढरं हाताला लागतं. घरातल्या कपाटाला ती चालते, रानात नाही.

तिथल्या कारागिराने सुचवलं की छपाईवरही पारदर्शक पावडरच मारून घ्या. त्याच्या भट्टीत पत्रा १८० ते २०० अंशांवर तापतो. पट्टीचा एक छापील तुकडा टाकून बघितला. माझी नेहमीची शाई फुगली आणि तपकिरी झाली. तो रस्ता बंद.

दुसऱ्या एकाने टेबलावर ओततात ते एपॉक्सी रेझिन सुचवलं. ते दिसतं काचेसारखं, पण उन्हात पिवळं पडतं. ते करूनही बघितलं नाही.

२४ ऑगस्ट

नावांची यादी घेऊन गावी गेलो. पुस्तकांतून काढली होती. गुरवकाकांनी यादी ऐकली आणि म्हणाले, "किंजळ लिवलंस, पन आमी किंदळ म्हनतो. पोरांना कळायला नको?"

त्यांचं बरोबर आहे. फलक गावच्या पोरांसाठी आहेत. मग वर मोठ्या अक्षरांत गावातलं नाव, खाली पुस्तकातलं आणि त्याखाली शास्त्रीय नाव देवनागरीत, असं ठरलं. किंदळ, किंजळ, टर्मिनालिया पॅनिक्युलाटा. रातांबा, कोकम, गार्सिनिया इंडिका. सातवीण, उंडी, सुरंगी, ऐन, बेहडा, काजरा सगळ्यांचं याच पद्धतीने. फिल्म पुन्हा काढाव्या लागल्या, पण त्याचं वाईट वाटलं नाही.

देवरहाटीत झाडाला खिळा मारायचा नाही हेही काकांनी बजावलं. फलक पाइपाच्या खांबावर बसतील.

३० ऑगस्ट

पहिल्या फ्रेमवर चार नावं घेतली आणि आठ फलक छापले. शाई माझी रोजची, स्टिकर छापायची व्हिनाइलची. काळी अक्षरं, लाल किनार. दिसायला फार सुंदर झाले.

एका चाचणीच्या तुकड्यावर दुकानातून आणलेला स्प्रेचा डबा मारला, अ‍ॅक्रिलिक क्लिअर म्हणजे पारदर्शक लॅकर, २९० रुपये. बाहेर संततधार होती. पाच मिनिटांत तुकड्यावर दुधासारखा पांढरा पडदा आला. थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ओल्या थरात अडकते. केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा दिली तर मधला भाग निवळला, कडा धुरकट राहिल्या.

त्या तुकड्यावर अक्षरं मात्र हलली नाहीत. त्यावरून मी ठरवून टाकलं की या शाईला क्लिअर चालतं.

४ सप्टेंबर

आठ फलक गेले.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून टू-के पीयू लॅकर आणलं, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारं दोन भागांचं पॉलियुरेथेन. एक लिटर लॅकर आणि अर्धा लिटर हार्डनर मिळून १,४५०, वर त्याचंच थिनर ३२०. सकाळी पावसाने उघडीप दिली होती. गणपती तीन दिवसांवर आलेले, त्याआधी आठ तरी हातावेगळे करावेत असं वाटलं. फवाऱ्याच्या गनने पहिलाच हात भरपूर ओला मारला. दोन मिनिटांत लाल किनार सुरकुतली. मग अक्षरांच्या कडा विरघळल्या आणि उभ्या टांगलेल्या फलकांवरून "सातवीण" खाली ओघळली. आठवा फलक मारून होईपर्यंत पहिल्याकडे मी पाहिलंच नव्हतं. एक मारून दहा मिनिटं थांबलो असतो तर सात वाचले असते.

कारण साधं आहे. व्हिनाइलची शाई वाळते म्हणजे तिच्यातलं थिनर उडून जातं, एवढंच. तिच्यावर पुन्हा कडक थिनर पडलं की ती पुन्हा शाई होते. स्प्रेच्या डब्याने तिला काही झालं नाही, कारण तो थर अगदी हलका, जवळपास कोरडा बसला होता. म्हणजे मी चाचणी केली एका वस्तूची आणि काम केलं दुसऱ्या वस्तूने.

त्याहून मोठी चूक तब्येतीची. तोंडाला रुमाल बांधून मारलं. रात्री छाती भरून आली, खोकला थांबेना. डॉक्टरांनी काय मारत होतास ते विचारलं आणि फार गांभीर्याने समजावलं. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचे काडतूस लावलेला, तोंडावर घट्ट बसणारा मास्क लागतो, हातमोजे आणि चष्मा लागतो आणि समोरून येऊन मागून निघून जाणारी हवा लागते. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क असेल तर तो सर्वांत चांगला. १,९०० रुपयांचं सगळं सामान घेतलं, माझ्या खिशातून. ते घेण्याआधी ही गन पुन्हा हातात धरली नाही. तुम्हीही धरू नका.

२२ सप्टेंबर

गणपती झाले, कामाला बसलो. खराब आठ फलक थिनरने पुसले. अक्षरं गेली, पण खालच्या पावडरची चमकही मेली. ते आता चाचणीचे. चांगले कोरे बत्तीस उरले, लागतात चोवीस.

शाई बदलली. दोन भागांची एपॉक्सी स्क्रीन शाई, हार्डनर घालून वापरायची. ती नुसती वाळत नाही, आतून घट्ट बांधली जाते, आणि मग थिनरला दाद देत नाही. काळी आणि लाल मिळून १,६५०. तिचाही एक दोष आहे : उघड्यावर ठेवली तर तीसुद्धा उन्हात पिठाळते. म्हणून वर लॅकर हवंच, आणि तेही ऊन अडवणारं द्रव्य घातलेलं, गाड्यांसाठी असतं तसं.

लाल रंगाबद्दल चिपळुणातल्या एका जुन्या बोर्ड पेंटरांना विचारलं. ते म्हणाले, "दादा, भडक लाल घेऊ नका. गेरूच्या जातीचा घ्या. देवळावरचा गेरू बघा किती वर्षं राहतो." रेड ऑक्साइडचा घेतला. विटकरी दिसतो, देवरहाटीत तो शोभेल.

खात्रीसाठी दुकानाच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून एक फळी लावली. तीवर पट्टीचे सहा तुकडे : भडक लाल आणि गेरू लाल, प्रत्येकी उघडा, स्प्रेच्या डब्याचा आणि टू-के लॅकरचा. लॅकर इथे अगदी हलक्या हातांनी चढवलं. तारीख मागे खिळ्याने कोरली. ती फळी तिथेच राहणार.

२९ सप्टेंबर

सगळे बत्तीस छापले. आधी पावडरच्या चमकेवरून राखाडी घासणी फिरवून ती मंद केली, पुसली, मग छपाई. मिसळलेली शाई चारेक तासांत जड होऊ लागली, म्हणून एका बैठकीत एकच रंग. पुतण्या फलक देत होता, मी स्क्विजी (जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी) ओढत होतो. जाळी १२० नंबरची. शेवटच्या पाच-सहा फलकांवर शास्त्रीय नावाची बारीक अक्षरं जराशी भरली. पुढच्या वेळी शाई दोन वाट्यांत, निम्मी-निम्मी मिसळेन.

आता एक चाचणी लिहून ठेवतो. फुकट आहे, पाच मिनिटांची आहे आणि ऑगस्टमध्ये केली असती तर आठ फलक वाचले असते. पांढरं फडकं जे लॅकर मारायचं त्याच्याच थिनरमध्ये ओलं करायचं आणि छापील अक्षरावर वीस वेळा घासायचं. व्हिनाइलच्या शाईवर तिसऱ्या घासणीला फडकं लाल झालं. एपॉक्सीचं तिसऱ्या दिवशी हलकं लाल, पाचव्या दिवशी नावापुरतं, सातव्या दिवशी फडकं पांढरंच राहिलं. तोवर लॅकर नाही.

१४ ऑक्टोबर

परतीचा पाऊस ओसरतोय. एका खराब फलकावर गन चालवून बघितली. लॅकरमध्ये तपकिरी कण आणि मधूनमधून पाण्याचे फोड.

कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडला तर गंजाचं पाणी पडलं. हा कॉम्प्रेसर २२ जुलै २०२१च्या पुरात दुकानात पाण्याखाली होता. मोटर काढून वाळवली, वळवून घेतली आणि चालू झाली म्हणून तीन वर्षं वापरली. टाकीच्या आत कोणी बघितलं नाही. स्टिकरच्या कामाला कधी अडलं नाही, कारण तिथे हवा फक्त धूळ उडवायला लागते. लॅकरला मात्र हवेतला प्रत्येक थेंब दिसतो. टू-केचा हार्डनर पाण्याशी लागतो आणि त्यातून वायू सुटतो, तेच ते फोड.

टाकी गाळून वापरायचा विचार दोन मिनिटं मनात आला आणि सोडून दिला. आतून गंजलेली टाकी दाबाखाली फुटू शकते. ती भंगारात काढली. शेजारच्या गॅरेजवाल्या दादाने त्याचा कॉम्प्रेसर रविवारी आणि सुट्टीला वापरायला दिला. पाणी अडवणारा फिल्टर मी घेतला, ८५० रुपये, गनच्या जवळ लावला. नळीतून येताना हवा गार होते आणि पाणी तिथेच सुटतं, त्यामुळे टाकीपाशी लावून भागत नाही.

२७ ऑक्टोबर

जादा छापलेले आठ फलक आधी मारायला घेतले. पहिल्या चारांवर लॅकर बसता बसता गोल गोल खड्डे उघडले, माशाच्या डोळ्यांसारखे. मधोमध कोरं, भोवती कड. खालचं काहीतरी लॅकरला दूर लोटत होतं.

तेल म्हणावं तर फिल्टर नवा. हाताचा घाम म्हणावा तर मोजे होते. अडीच तास शोधण्यात गेले. शेवटी सापडलं ते फडकं. गॅरेजमधून कॉम्प्रेसरबरोबर धुतलेल्या बनियनच्या चिंध्यांची पिशवी आणली होती, पुसायला बऱ्या म्हणून. त्याच चिंध्यांनी तिथे टायरला आणि डॅशबोर्डला पॉलिश करतात. त्यात सिलिकॉन असतं आणि ते साबणाने जात नाही. मी प्रत्येक फलक मारण्याआधी मोठ्या काळजीने सिलिकॉन चोपडत होतो.

इलाज : लॅकर पुरतं वाळू दिलं, आठशेच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली खड्डे बुडेपर्यंत घासलं, साबणाने धुतलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. पुसायला नवीन मलमल. एका फडक्याने लावायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्याने उचलायचं, नाहीतर मळ फक्त जागा बदलतो. उरलेले अठ्ठावीस फलकही असेच पुन्हा पुसले.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली, हवा कोरडी. दुकानातल्या काट्यावर आर्द्रता ६२ टक्के. आज जमलं. म्हणून आजचं सविस्तर.

लॅकर दोन भाग, हार्डनर एक भाग, मापाने. वजनाने करू नये, दोघांची घनता वेगळी. डब्यावर जे प्रमाण असेल तेच, कंपनीगणिक बदलतं. थिनर दहा टक्के. मी सुई काढलेल्या सिरिंजने मोजलं. एका वेळी २०० मिली, जास्त नाही. हार्डनरचा डबा प्रत्येक वेळी लगेच बंद, तो हवेतली ओल खातो.

गनचा नोझल १.३ मिमी, दाब दोन बारच्या आसपास, फलकापासून सहा ते आठ इंच. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. गन फलकाच्या बाहेर सुरू करायची आणि बाहेर गेल्यावर सोडायची.

पहिले दोन हात जवळपास कोरडे, नुसता फवारा बसवायचा. हात लावला तर खरखरीत लागेल इतकेच. एपॉक्सी शाई थिनरला टिकते हे माहीत असूनही हे केलं, कारण खालच्या खरखरीवर वरचा थर घट्ट धरतो आणि एखाद्या कोपऱ्यात शाई कच्ची राहिली असेल तर तीही वाचते. मग पंधरा मिनिटं थांबून ओला हात. पुन्हा पंधरा मिनिटं, दुसरा ओला हात. तिसऱ्याचा मोह झाला. दोन ओघळ येईपर्यंत टिकला.

फरशीवर पाणी शिंपडायचं ते मारण्याच्या तासभर आधी. धूळ बसते आणि तोवर ओलही उडते. सकाळी दहा ते एक एवढंच काम. दुपारनंतर चिलटं येतात आणि ओल्या लॅकरवर बसतात. चिलट बसलंच तर काढायला जाऊ नये. वाळल्यावर हजारच्या पेपरने तेवढीच जागा घासावी.

चोवीस आणि आठ जादा, सगळे मिळून ८०० मिलीच्या आत बसले. गुहागरच्या सुरंगीचा फलक उन्हात धरला तेव्हा अक्षरं पाण्याखाली ठेवल्यासारखी दिसली. पुतण्याने फोटो काढून गावच्या गटावर टाकला.

१५ नोव्हेंबर

नऊ दिवस झाले. लॅकर दुसऱ्या दिवशी हाताळता येतं, पण पुरतं घट्ट व्हायला आठवडा लागतो. त्याआधीची चाचणी फसवते. तिसऱ्या दिवशी नखाने ओरखडा उठत होता, आज उठत नाही.

ब्लेडने एकेक मिमी अंतरावर सहा उभ्या, सहा आडव्या रेघा, पंचवीस चौकोन. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली. मधल्या भागात एकही चौकोन निघाला नाही. एक तुकडा तासभर उकळत्या पाण्यात ठेवला. किंचित धूसर झाला, रात्रीत निवळला.

पट्टीचे तीन तुकडे, भोकं पाडलेले, गुहागरच्या समुद्राच्या पाण्यात बरणीत बुडवून ठेवले. गावाला खारा वारा आहे, त्याचा अंदाज यायला हवा.

८ डिसेंबर

बरणी उघडली. सपाट भाग निर्दोष. कड आणि भोकं वाईट. तिन्ही तुकड्यांवर भोकाभोवती फोड, एका कोपऱ्यावर थर उचललेला आणि खाली पांढरी भुकटी. अ‍ॅल्युमिनियमचा गंज पांढरा असतो.

भिंगातून नीट बघितलं. कातरलेल्या कडेवर मी कानस नावापुरती फिरवली होती. तीक्ष्ण धारेवर कुठलाही ओला थर थांबत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि धारेवर कागदाइतकाही उरत नाही. भोकाच्या आत तर गन पोचतच नाही. ऑगस्टमध्ये आणलेला जुना फलक कोपऱ्यात उभा होता. तो बरोबर याच जागांतून गेला होता.

आता चोवीस तयार फलकांच्या कडा पुन्हा करायच्या. मन खट्टू झालं, दोन दिवस दुकानात त्यांच्याकडे पाहवेना.

१० ते १९ डिसेंबर

प्रत्येक फलकाच्या चारही कडा बारीक कानशीने गोल केल्या, बोट फिरवलं तर टोचू नये इतक्या. भोकाच्या तोंडावर मोठं ड्रिल हाताने फिरवून धार मोडली. यात कडेचं पावडर कोटिंग जागोजागी गेलं, पत्रा उघडा पडला. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर लॅकर नीट धरत नाही, म्हणून तिथे आधी एच प्रायमरचा (धातूला धरणारं अस्तर) बारीक हात ब्रशने, तो वाळल्यावर लॅकर, तेही ब्रशनेच, दोनदा. भोकात कान कोरायच्या कापसाच्या काडीने लावलं. समोरच्या बाजूला दोन-तीन मिमीपर्यंत लॅकर आणावं लागतं. तेवढी जागा आधी हजारच्या पेपरने मंद केली, कारण महिन्यापूर्वीच्या घट्ट लॅकरवर नवं लॅकर तसंच मारलं तर सालीसारखं सुटतं.

एका फलकाला वीस-पंचवीस मिनिटं, रोज संध्याकाळी तीन-चार. ही कडा ऑगस्टमध्ये, पावडर कोटिंगच्या आधी गोल केली असती तर सगळे मिळून दोन तासांचं काम होतं.

५ जानेवारी २०२५

कडा बंद केलेले नवे दोन तुकडे सोळा दिवस समुद्राच्या पाण्यात होते. फोड नाही.

१२ जानेवारी

गावी गेलो. गुरवकाकांनी कौल लावला, देवाने उजवा दिला. मगच खणायला हात लावला. पैशांतून उरलेल्या ६,७५० रुपयांत गावातल्या पोरांनी जुने पाइप आणून खांब केले.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून स्क्रूच्या डोक्याखाली आणि फलकामागे नायलॉनचे वॉशर आणि भोकात नायलॉनची नळी. मिळून ६४० रुपये. तरी एका उत्साही मुलाने बेहड्याचा फलक पान्याने पिळून आवळला आणि वॉशरभोवती लॅकरला चांदणीसारखी भेग गेली. बेहड्याचा जादा फलक होता, तो लावला. त्यानंतर वॉशर जागचा हलणार नाही इतपतच, हाताने आवळलं.

२३ मार्च

शिमगा झाला. पालखीच्या दिवशी देवरहाटीत गुलाल भरपूर उडाला. ओल्या फडक्याने सगळा निघाला. उंडीच्या फलकावर वानराच्या नखांचे दोन ओरखडे आहेत, लॅकरमध्येच थांबलेत, शाईपर्यंत गेले नाहीत.

१५ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. २६ मेला तर मुंबईत पोचला होता. गच्चीवरची फळी पावसाआधी उतरवायची राहिली, पण साडेआठ महिन्यांचं ऊन तिने खाल्लंय. भडक लाल उघडा तुकडा गुलाबी झालाय. टू-के लॅकरखालचा भडक लालही उतरलाय, कमी, पण शेजारी ठेवला की लगेच कळतं. लॅकर ऊन सगळं अडवत नाही, रंग मुळात टिकाऊ हवा. गेरू लाल तिन्ही ठिकाणी जिथला तिथे. फक्त उघड्या तुकड्यावर बोट फिरवलं तर लाल पूड लागते. स्प्रेच्या डब्याचे दोन्ही तुकडे मंद झालेत आणि चिकटपट्टीला त्यांचा थर निघून येतो.

फळी परत वर लावली.

५ ऑक्टोबर

पावसाळा संपल्यावर चोवीसही फलक एकेक करून बघितले. गर्द सावलीतल्या नऊ फलकांवर शेवाळाचा हिरवा पापुद्रा होता. साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने गेला. तारेची घासणी किंवा थिनर कोणी वापरू नये, म्हणून गुरवकाकांकडे दोन फडकी ठेवून आलोय. अक्षरं सगळीकडे स्वच्छ, कडा बंद.

एका ठिकाणी मात्र दोष आहे. वाटेवरच्या सातविणीच्या फलकाला डाव्या वरच्या स्क्रूभोवती केसाएवढी पांढरी रेघ. वॉशर काढून बघितला तर आतली नायलॉनची नळी बसवायची राहून गेलीय, स्टील सरळ पत्र्याला टेकलंय. फलक सोडवून दुकानात आणलाय. पांढरी भुकटी आठशेच्या पेपरने घासून काढली, प्रायमरचा हात दिलाय, लॅकर उद्या सकाळी. बाकी तेवीस फलकांचे स्क्रू पुढच्या रविवारी पुतण्याला घेऊन एकेक उघडून बघणार आहे.

खर्च, फलकांच्या खात्यावरचा : पत्रा आणि कापणी ३,४००, पावडर कोटिंग १,८००, फिल्म आणि जाळी १,२००, शाई १,६५०, लॅकर आणि थिनर १,७७०, स्प्रेचा डबा २९०, स्क्रू-वॉशर ६४०, प्रायमर, पेपर, मलमल आणि अल्कोहोल ५००. एकूण ११,२५०. मास्क आणि फिल्टर यात धरलेले नाहीत.